गाडीखालून : बसलेली गाडी

मागच्या वेळी टायरच्या हवेवर लिहिलं, या वेळीही हवाच आहे. फक्त ती चाकात नाही, चाकाच्या वर आहे.

झालं असं. गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी साडेसातला भाच्याचा फोन आला. त्याने दिवाळीच्या आधी एक सेकंडहँड मोठी गाडी घेतली आहे, एअर सस्पेन्शनवाली. घेण्याआधी मला विचारलं नाही, घेतल्यावर पेढे मात्र आणून दिले. फोनवर म्हणाला, "मामा, गाडी बसल्या. डाव्या अंगाला मागनं पार चाकावर टेकल्या. जॅक लावलाय, आता खाली शिरून बघतो काय झालंय ते. तुम्ही फोनवर सांगत रहा."

मी एवढ्या जोरात ओरडलो की आमची ही स्वयंपाकघरातून पळत आली. "शिरू नकोस! आधी बाहेर हो, जॅकला हात लावू नकोस, मी येतो." टिळकवाडीतून त्याच्या घरी पोचायला मला वीस मिनिटं लागली. तोवर तो रुसून गेटावर बसला होता. मामाने एवढं ओरडावं असं काय झालं, हे त्याला कळलं नव्हतं. ते त्याला सांगितलं, आणि त्याच्यासारखी जुन्या मोठ्या गाड्यांची हौस असलेली पोरं आपल्या मंडळात बरीच आहेत, म्हणून इथेही सांगतो.

आधी ही हवेची भानगड काय आहे ते बघू.

ट्रकला खाली पाटे असतात, हे सगळ्यांना माहीत आहे. लोखंडाच्या पट्ट्या एकावर एक. माल भरला की पाटे दबतात, गाडी खाली बसते. माल उतरला की गाडी वर येते. गाडी रिकामी असताना पाटे एवढे ताठ असतात की मागे बसलेल्या हमालाची हाडं खिळखिळी होतात. म्हणजे स्प्रिंग करायची ती भरलेल्या गाडीच्या हिशेबाने, आणि मग रिकाम्या गाडीने तो त्रास सोसायचा. आपली जुनी लाल एसटी आठवा. मागच्या सीटवर बसून खानापूरला गेलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

एअर सस्पेन्शनमध्ये पाट्यांच्या जागी रबराच्या जाड पिशव्या असतात. गॅरेजात आम्ही त्यांना 'बलून' म्हणतो. इंजिनावरच्या कॉम्प्रेसरने टाकीत हवा भरून ठेवायची आणि गरजेप्रमाणे ती बलूनमध्ये सोडायची. माणसं वाढली की जास्त हवा, उतरली की कमी. यात गंमत अशी की हवा जास्त भरली की बलून तेवढ्याच प्रमाणात ताठ होतो. त्यामुळे दहा माणसं असोत की पन्नास, बस जवळपास सारख्याच संथपणे हलते, सेकंदाला एखाद-दीड हेलकावा. आपण चालतो तेव्हा शरीर साधारण याच लयीत वर-खाली होतं, म्हणून तो हेलकावा अंगाला लागत नाही. २००१ नंतर मागे इंजिन असलेल्या व्होल्वो बस आपल्या हायवेवर दिसायला लागल्या, तेव्हा बेळगाव-पुणे रात्रीत झोप लागते हे लोकांना पहिल्यांदा कळलं, त्याचं मोठं कारण हे बलून.

पण हवा किती सोडायची हे कोण ठरवतं? ड्रायव्हर तर नाही. खरा विषय हाच आहे.

तुमच्या गच्चीवरच्या टाकीत बॉल असतो. पाणी खाली गेलं की बॉल खाली जातो, दांडी वळते, पाणी सुरू होतं. पाणी वर आलं की बंद. वीज नको, माणूस नको. बसच्या खाली अगदी हाच प्रकार आहे. चासीला एक व्हॉल्व्ह बसवलेला असतो, त्याला एक आडवी दांडी असते आणि त्या दांडीचं टोक दुसऱ्या उभ्या दांडीने ॲक्सलला जोडलेलं असतं. माणसं चढली, चासी खाली आली, की आडवी दांडी वर ढकलली जाते आणि टाकीतली हवा बलूनमध्ये जाते. चासी पूर्वीच्या उंचीला आली की दांडी आडवी होते, हवा बंद. माणसं उतरली की चासी वर उचलली जाते, दांडी खाली झुकते आणि जादा हवा बाहेर. स्टँडवर माणसं उतरून गेल्यावर बस 'फुस्स' करते ना, ते हेच. लहानपणी माझी मुलगी म्हणायची, बसने हुश्श केलं.

या व्हॉल्व्हला शहाणपण एवढंच शिकवलेलं असतं की घाई करायची नाही. चोर्ला घाटातल्या वळणावर बस दोन-तीन सेकंद एका अंगाला कलते. तेवढ्यात त्याने एकीकडे हवा भरली आणि दुसरीकडे सोडली, तर वळण संपल्यावर बस उलट्या बाजूला कललेली राहील. म्हणून खड्डे, वळणं, ब्रेक यांच्याकडे तो दुर्लक्ष करतो आणि टिकून राहिलेला फरक तेवढा दुरुस्त करतो. नवीन गाड्यांत दांडीच्या जागी सेन्सर आहे आणि व्हॉल्व्ह विजेवर चालतात, पण स्वभाव तोच.

आणखी एक. बसला चार कोपरे, म्हणून व्हॉल्व्ह चार असतील असं वाटतं. बहुतेक ठिकाणी तीनच असतात, एका ॲक्सलला एक आणि दुसऱ्याला दोन. चुलीला दगड तीन का, याचं उत्तरही हेच. तीन टेकूंवर ठेवलेलं भांडं डुगडुगत नाही, चौथा आला की जमिनीची सगळी खोड बाहेर येते. चार व्हॉल्व्ह लावले तर वाकड्या जागी उभ्या बसमध्ये ते एकमेकांशी भांडत बसतील, हा भरतोय तर तो सोडतोय.

ही कल्पना काही आजची नाही. अमेरिकेत ग्रेहाऊंडच्या सीनिक्रूझर बस १९५४ मध्ये हवेच्या स्प्रिंगवर धावत होत्या. कॅडिलॅकने १९५७ मध्ये आपल्या सगळ्यात महागड्या गाडीला एअर सस्पेन्शन दिलं, आणि ती हवा इतकी गळायची की मालकांनी साध्या स्प्रिंगा बसवून घेतल्या. (आमचा भाचाही ७० वर्षांनी त्याच प्रश्नाशी येऊन थांबला, ते पुढे येईलच.) फ्रान्समध्ये सित्रोएनने १९५५ मध्ये डीएस नावाची गाडी काढली. तिच्यात तेल आणि दाबलेला नायट्रोजन अशी वेगळी तऱ्हा होती, पण ती स्वतःची उंची स्वतः राखायची. पंक्चर झालं तर ती सगळ्यात वरच्या उंचीवर नेऊन खाली एक टेकू लावायचा आणि मग गाडीला बसायला सांगायचं, की चाक आपोआप जमिनीवरून सुटायचं. टेकू हा शब्द लक्षात ठेवा.

आता माझी गोष्ट.

साल २००६. मी डिप्लोमा करून उद्यमबागेत दोन वर्षं फाउंड्रीत काढली होती आणि मग एका ट्रॅव्हल्सवाल्याच्या वर्कशॉपमध्ये लागलो होतो. सात-आठ बस, एक खड्डा, एक पत्र्याची शेड, आणि एक मेस्त्री. मेस्त्री निपाणीकडचे, शिक्षण चौथी, आयुष्यभर पाट्यांच्या गाड्या केलेले. बलूनवर त्यांचा विश्वास नव्हता. "हवेवर काय विसंबायचं रे," म्हणायचे. मी डिप्लोमावाला, मला हसू यायचं.

त्यांची एक सवय होती. बसच्या खाली कुणीही शिरणार असेल तर आधी रेल्वेच्या जुन्या स्लीपरचे कापलेले ठोकळे ॲक्सल आणि चासीच्या मधे सारायचे. दोन मिनिटांचं काम असलं तरी. पोरं कंटाळायची. ते ठोकळे जड, तेलकट, हाताला कुसळं लागायची.

एका दुपारी संध्याकाळच्या गाडीला मागे उजवीकडे हवा गळत होती. खड्ड्यावर दुसरी बस होती, म्हणून ही मोकळ्या जागेत उभी. खाली शिरायला जागा कमी, म्हणून आम्ही गॅरेजातली नेहमीची युक्ती केली. व्हॉल्व्हच्या दांडीचा ॲक्सलकडचा नट सोडवला आणि दांडी हाताने वर ढकलून तारेने बांधली. व्हॉल्व्हला वाटतं गाडी खाली गेली, तो हवा भरत जातो आणि बस चांगली वर उठते. इंजिन चालू, कॉम्प्रेसर चालू. हाताखालचा पोरगा, वय असेल एकोणीस, साबणाच्या पाण्याची वाटी आणि ब्रश घेऊन आत सरपटत गेला. साबणाच्या पाण्याला बुडबुडे आले की गळती सापडते, अजूनही याच्याइतकी खात्रीची युक्ती मला माहीत नाही.

तार सुटली. कशी सुटली ते आजही सांगता येणार नाही. माझीच गाठ होती.

दांडी खाली पडली. व्हॉल्व्हच्या हिशेबाने आता बस फार उंच होती, आणि फार उंच बसचं काय करायचं एवढंच त्याला ठाऊक होतं. त्याने हवा सोडायला सुरुवात केली. बस धाडकन पडली नाही. ती सावकाश, एखादी म्हैस बसावी तशी खाली येत होती, आणि इंजिनाच्या आवाजात तो फुस्स आवाज कुणालाच ऐकू आला नाही. मी दोन हातांवर उभा राहून दुसऱ्या कुणाशी बोलत होतो. पोरगा ओरडला तेव्हा वाटी सांडल्याचा आवाज आला आणि मी वाकून पाहिलं. त्याची छाती आडव्या पट्टीखाली अडकली होती आणि डोकं पलीकडे होतं. बस तिथे थांबली होती, कारण ठोकळा होता. त्या ठोकळ्यावर तिचं त्या कोपऱ्याचं सगळं वजन आलं होतं आणि लाकडात ॲक्सल चांगला बोटभर रुतला होता.

मेस्त्री शेडमधून धावत आले. मला वाटलं जॅक मागतील. ते आडवे झाले, हात आत घातला, दांडी धरून वर ढकलली आणि तशीच धरून ठेवली. टाकीत हवा होती, इंजिन चालू होतं, बस हळूहळू उठायला लागली. मी पोराचे पाय धरून ओढले. त्याचं गळपट्टीचं हाड मोडलं होतं आणि पाठ सोलली होती. बाकी काही नाही. तो महिनाभर आला नाही, मग आला. मेस्त्रींनी मला एक शब्द सुनावला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो रुतलेला ठोकळा माझ्या टेबलावर होता.

पाट्यांची गाडी जॅकवरून घसरू शकते, पण पाटा स्वतःहून कधी खाली बसत नाही. हवेची गाडी बसते. बलून फुटला, नळी सुटली, कुणी दांडीला धक्का दिला, कुणी आत बसून बटण दाबलं, की तिचं पोट जमिनीकडे येतं. आणि ती बिघाडामुळे खाली येते असंही नाही. बऱ्याच वेळा ती आपलं काम अगदी बरोबर करत असते, म्हणूनच खाली येते.

भाच्याच्या गाडीकडे येतो. तिथे तर जास्तच घोळ असतो. या कारगाड्यांच्या मेंदूला गाडी बंद केल्यावरही लगेच झोप येत नाही. मधूनमधून जागा होऊन तो उंची तपासतो. आता तुम्ही बॉडीखाली जॅक लावून गाडी उचलली. चाक खाली लोंबलं, चाक आणि बॉडीमधलं अंतर वाढलं. सेन्सर म्हणतो, गाडी फार उंच झाली, हवा सोडा. बलून रिकामा होतो. मग जॅक उतरवला की गाडी पूर्वीच्या उंचीवर थांबत नाही, तशीच खाली जाते. म्हणून या गाड्यांत उंचीचं काम तात्पुरतं बंद ठेवायची सोय असते, 'जॅक मोड' म्हणा. प्रत्येक कंपनीची रीत वेगळी, गाडीच्या पुस्तकात दिलेली असते. भाच्याच्या गाडीचं पुस्तक डिकीत प्लॅस्टिकमध्येच होतं, पहिल्या मालकानेही उघडलं नव्हतं बहुतेक.

आम्ही ते उघडलं, मोड लावला, बॅटरी काढली, मागची दोन्ही चाकं उचलून दोन्ही बाजूंना घोड्या लावल्या, आणि घोड्यांवर गाडी टेकल्याची खात्री करून मगच वाकलो. साबणाचं पाणी बहिणीने भांड्याच्या साबणाचं करून दिलं. मग बॅटरी परत लावून, खाली कुणी नसताना, थोडी हवा भरून घेतली आणि लांबूनच ब्रश फिरवला. डाव्या बलूनच्या खालच्या घडीवर दिवाळीच्या फटाक्यासारखे बुडबुडे. रबर त्या घडीवरच मोडतं, दर खड्ड्याला तीच घडी पडते ना.

मग मी त्याला विचारलं, "रात्री गाडीतून घर्र आवाज यायचा का?" तो म्हणाला, हो, शेजारच्या आजी दोनदा तक्रार करून गेल्या. तो कॉम्प्रेसर. गळती बारीक असते तेव्हा तो पुन्हा पुन्हा भरत राहतो, मालकाला काही कळत नाही, आणि तीन-चार महिन्यांनी कॉम्प्रेसरच जळतो. बलूनच्या खर्चावर कॉम्प्रेसरचा खर्च चढतो तो असा. गाडी रात्रीतून बसायला लागली तर वाट बघू नका. आणखी एक फसवणूक सांगतो: काही गाड्या एक कोपरा खाली गेला की बाकीचे तीनही मुद्दाम खाली घेतात, गाडी वाकडी दिसू नये म्हणून. तेव्हा सगळी गाडी बसलेली दिसली म्हणजे चारही बलून गेले असं नसतं. मेकॅनिकने चारही बदला म्हटलं तर आधी साबणाचं पाणी मागा.

भाच्याला एका गॅरेजवाल्याने सुचवलं होतं, बलून काढून टाका, साध्या स्प्रिंगा घाला, कटकटच नको. यावर माझं मत अर्धं-अर्धं आहे. गाडी पंधरा वर्षांची असेल आणि पैसे नसतील तर चारही चाकांना नीट बसणाऱ्या स्प्रिंगा घालणं हा लाजिरवाणा उपाय नाही, कॅडिलॅकवाल्यांनीही केला. पण एकाच बाजूला स्प्रिंग आणि बाकी बलून असा जुगाड मी पाहिला आहे, आणि ती गाडी पावसात वळणावर कशी वागते तेही पाहिलं आहे. भाच्याने मागचे दोन्ही बलून बदलले. जोडीने बदलायचे, चपलेसारखे.

बसबद्दल दोन गोष्टी राहिल्या. पहाटे स्टँडवर बस खाली बसलेली असेल आणि ड्रायव्हर इंजिन चालू करून नुसता बसला असेल, तर त्याच्यावर ओरडू नका. रात्रीतून हवा उतरलेली असते. नवी हवा आधी ब्रेककडे जाते, ब्रेकचं भागल्यावरच बलूनना मिळते. हा क्रम मुद्दाम तसा ठेवला आहे. बस पूर्ण उठल्याशिवाय हलवणारा ड्रायव्हर दिसला तर मात्र ओरडा.

दुसरी गोष्ट मला जास्त खुपते. पाट्यांचा ट्रक जादा माल भरला की मागून बसतो, रस्त्यावरच्या पोरालाही दिसतं. हवेवरची बस कितीही भरा, सरळच दिसते. पोटात पार्सलं कोंबलेली, टपावर गाठोडी, आणि बाहेरून बघाल तर नवरीसारखी ताठ. वजन टायरवर आणि ब्रेकवर येतच असतं, फक्त दिसत नाही. बलूनमधला दाब मोजला तर वजन लगेच कळतं, तेवढ्यासाठी एक साधा काटा पुरतो. किती मालक तो लावतात आणि लावलेला बघतात, ते मला विचारू नका, मी त्यातल्या काहींकडे नोकरी केली आहे.

तक्रारी पुष्कळ केल्या, पण हीच हवा चांगल्या कामालाही येते. धारवाडला आमची मावशी राहते, वय ८२, गुडघे गेलेले. हुबळी-धारवाडच्या 'चिगरी' बसमध्ये ती एकटी चढते, कारण तिथे फलाट आणि बसची जमीन एका पातळीवर असते. बस भरली की चार बोटं खाली आणि रिकामी झाली की वर, असं झालं असतं तर तिचा पाय अडकला असता. काही शहरांतल्या बस तर दाराच्या बाजूची हवा सोडून सात-आठ सेंटिमीटर वाकतात आणि म्हातारी माणसं चढली की परत उठतात. पुणे-हुबळी वंदे भारतने बेळगावहून कुणी गेला असाल, तर तुम्हीही अशाच हवेच्या स्प्रिंगांवर बसून गेलात.

मावशीला मी हे सगळं एकदा समजावून सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे बस वाकते आणि आमचा गिरीशिखरावरचा सोसायटीचा जिना वाकत नाही, असंच ना?" जिन्याचं माझ्याकडे उत्तर नाही.

वर्कशॉप सोडताना मेस्त्रींनी मला दोन ठोकळे दिले होते, त्यातला एक तो रुतलेला. भाच्याने परवा ते दोन्ही नेले, "फक्त रविवारपुरते" म्हणून. दोन रविवार होऊन गेले. विचारलं तर म्हणतो, "मामा, ते गाडीतच ठेवलेत मी. असू देत की."